काठावरचं नाव

मार्गिलान शहरातल्या रेशीम विणकरांनी सरकारला अर्ज लिहिला: आमच्या नक्षीचं परदेशी छापील कापड बंद करा. सही मागायला म्हातारा विणकर सोलिजान शेजारच्या ओयदिनकडे गेला. ती विधवा शिंपीण तेच स्वस्त कापड शिवून तीन लेकरं वाढवत होती. “करते की सही, अका,” थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत ती म्हणाली, “पण उद्यापासून शिवू काय? तुमचं रेशीम बायका लग्नापुरतं घेतात.” “अगं, आमची नक्षी छापणारे ते चोर आहेत!” “मग चोरीला नावं ठेवा, कापडाला कशाला?” सोलिजाननं चहा बाजूला सारून अर्ज पुन्हा वाचला. मग त्यानं ‘बंद करा’ खोडून लिहिलं, ‘काठावर बनवणाऱ्या देशाचं नाव छापा.’ ओयदिननं हसत सही केली. बाकीच्या विणकरांनीही ते मान्य केलं आणि वसंतात तसा नियम झाला. तिच्या शिवणाच्या दुकानात दोन्ही कापडं शेजारी-शेजारी लागली. एका गिऱ्हाइकानं काठ वाचून रेशमाचा तागा उचलला. “हे कुणी विणलं?” कोपऱ्यातला सोलिजान घसा खाकरून उठला.