उकड निवली का?

दमयंतीनं तांदळाची उकड परातीत काढली, तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि ती पुन्हा तव्यावरच्या बोंबलांकडं वळली. खाली सोसायटीच्या गेटात प्रितमचा टेम्पो उभा होता. टेम्पोत तिच्या लेकाची, निकेशची, रेसची मोटरसायकल होती, चारी बाजूंनी पट्टे आवळून. ट्रॅक पार कोइंबतूरला. एवढ्या लांबच्या वाटेवर ढाब्याचं खाऊन पोट बिघडवून घेणं तिला मंजूर नव्हतं.

"काकी, बस झाला आता. ऊन चढायच्या आत पुन्याच्या पुढं जाया पायजे," प्रितम स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला.

"भाकऱ्या घेतल्याबिगर गाडी हलनार नाय."

निकेशची मोटरसायकल प्रितमच खोलायचा, जोडायचा, पण काकीपुढं त्याचं काही चालत नसे.

निकेश ओट्याला टेकून उभा होता. त्याच्या उजव्या मनगटावर लांब व्रण होता, आत प्लेट आणि स्क्रू. ट्रॅकवर पडल्यापासून घरात सगळ्यांचं लक्ष त्या मनगटावर. व्यायामासाठी दवाखान्यातून रबराचा गोळा दिला होता. आईनं तो दाबून बघितला आणि बाजूला टाकला. "ह्याला मलून काय निघनार? माजं पीठ मल." तेव्हापासून घरची भाकरी त्याच्या हातची झाली. उकड गरम असेस्तोवर ती स्वतः मोडायची, कोमट झाली की परात त्याच्यापुढं सरकवायची. मनगट खरंच वळू लागलं. एक्स-रे चांगला आला. डॉक्टर पकड बघून खूश झाले. प्रितम तर असा नाचला, जसं काही हाड त्याचंच जुळलं होतं.

अंगठ्याशेजारच्या दोन बोटांचं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा निकेश सुईकडं बघत होता आणि वेळेवर "लागलं" म्हणत होता. रस्त्यावर लोक पुढचा ब्रेक अख्ख्या मुठीनं आवळतात. ट्रॅकवर तीच दोन बोटं लागतात. पुढचं चाक कुठवर ऐकेल आणि कुठून घसरेल, ते त्या बोटांना कळतं. निकेशच्या बोटांना आता काही कळत नव्हतं. याची त्याला भीती वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती. कुणी काही विचारलं की तो "बरं हाय" म्हणायचा, आणि विचारणारा समाधानानं आपल्या कामाला लागायचा.

"बाला, उकड निवली का बग जरा," दमयंती बोंबील उलटत म्हणाली. "आज तू नको मलू. मीच मलीन, लवकर होईल."

निकेशनं फडकं उचललं. वरची वाफ गेली होती. डावा हात मोकळा होता, पण प्रितम दारातून बघत होता. निकेशनं उजव्या हाताची ती दोन बोटं उकडीत खुपसली. बोटं आत गेली, एवढं त्याला दिसलं.

"निवली?"

"हां. निवली."

दमयंतीनं हात पुसले, परात पुढ्यात ओढली आणि सगळा जोर लावून पंजा त्या गोळ्यात दाबला.

"आई गं!"

तिनं हात ओढून घेतला आणि ती मोरीकडं धावली. प्रितमनं पुढं होऊन नळ पुरा सोडला. पंजा लालबुंद झाला होता, बांगड्यांना उकड चिकटली होती.

"निवली म्हनालास ना रं?" ती म्हणाली. रागावली नव्हती, लेक असं का म्हणाला तेच तिला उमगत नव्हतं. मग तिनं मागं वळून पाहिलं.

निकेश जागचा हलला नव्हता. त्याची दोन बोटं अजून उकडीतच होती.

नळ तसाच वाहता ठेवून ती आली. भाजलेल्या हातानंच तिनं त्याचं मनगट धरलं आणि बोटं बाहेर ओढली. ती तिच्या हातापेक्षा लाल होती. एका बोटाच्या टोकाला फोड धरू लागला होता. प्रितमनं त्या बोटांकडं पाहिलं, मग निकेशच्या तोंडाकडं. हातातली टेम्पोची किल्ली त्यानं ओट्यावर ठेवली.

"कदीपासना?" त्यानं विचारलं.

"पडलो तवापासना."

दमयंतीला ब्रेकमधलं काही कळत नव्हतं. तिनं लेकाचा हात तोंडाजवळ घेतला आणि त्यावर फुंकर मारली. श्वास घेऊन पुन्हा मारली. तिच्या स्वतःच्या हातावरचं पाणी कोपरापर्यंत येऊन लादीवर गळत होतं.

"बरं वाटते का?"

निकेशच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलंच होतं. ते त्यानं गिळलं.

"नाय, आई," तो म्हणाला. "मना कायच लागत नाय."

मग तो प्रितमला म्हणाला, "गाडी उतरव."

प्रितम किल्ली न उचलताच खाली गेला. थोड्या वेळानं खालून एकेक पट्टा सुटल्याचा आवाज येऊ लागला. तव्यावरचे बोंबील करपले. आई फुंकर मारतच राहिली.