एक अक्षर जास्त

"ताई, जरा बघता का? हे बँकेचंच आहे ना?" धाकट्या जावेने सासूबाईंचा फोन पुढे केला.

थोरलीने एकदाच पाहिलं. रंग तोच, चिन्ह तेच, खाली दमदाटी: आजच माहिती भरा, नाहीतर खातं बंद. फक्त वरच्या पत्त्यात, बँकेच्या नावात एक अक्षर जास्त होतं. ती स्वतः दुसऱ्या एका बँकेच्या मदतकेंद्रात फोन घ्यायची. दिवसभर लोकांना हेच बजावायची, आधी पत्ता वाचा, मग बोट लावा.

"तुला सगळं कळतं ना? मग मला कशाला विचारतेस?" असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालू लागली.

पोटात दुखत होतं तिच्या. का नाही दुखणार? सून म्हणून आधी ती आली या घरात. पण कपाटाच्या किल्ल्या धाकटीकडे, दवाखान्यात सोबतीला धाकटी. गेल्या वर्षी सासूबाईंनी बांगड्या मोडून पैसे या खात्यात टाकले. कुणासाठी, ते काय सांगायला हवं? थोरलीची आठवण झाली ती कागदांवर सह्या करण्यापुरती. साक्षीदार लागत असेल, असं पुटपुटत तिने न वाचताच सह्या ठोकल्या होत्या. फोटोही रागाने टेबलावर भिरकावला होता.

सासूबाई धाकटीच्या कानाशी लागून पासवर्ड सांगत होत्या. थोरलीचा नुसता तिळपापड झाला. सांगा, लाडक्या सुनेलाच सांगा! होऊ दे एकदा फजिती.

फोनवर आलेला आकडाही धाकटीने भरून टाकला.

थोड्या वेळाने फोन वाजला. मेसेज वाचून धाकटी पांढरीफटक पडली.

"आई, सगळे पैसे गेले हो!"

थोरलीने सावकाश शेवटची घडी घातली. "अगं बाई! पत्ता नाही का वाचलास? आता रडत बसू नकोस, बँकेला फोन लाव. खातं गोठवायला सांग." आवाज अगदी गोड होता.

धाकटीने रडतरडत फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारलं, तसा तिने फोन सासूबाईंना दिला. सासूबाई ऐकत राहिल्या. मग उठून थोरलीजवळ आल्या.

"माझं नाव दुसऱ्या नंबरवर आहे, चालणार नाही म्हणतात," त्यांनी फोन पुढे केला. "घे गं, तूच बोल. खात्यावर पहिलं नाव तुझं आहे."