अर्थिंगचा खड्डा

भानामती झूट असते, हे मावला गावच्या दौलत मास्तरांनी वर्गात हयातभर ओरडून सांगितलं. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर अंगणात बसवताना मिस्त्रीने अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा पुरला आणि शेजारची मनकर्णाबाई कुंपणावरून कडाडली, “मास्तर, माह्या भिंतीपाशी भानामती काऊन करून राह्यले?” “बाई, करंट जमिनीत उतराले लागते ते! माती वाळली तं चार्जर बंद पडते.” मास्तरांनी पाच वेळा समजावलं, वहीत चित्रही काढलं. बाईने दुसऱ्या दिवशी खड्ड्यावर लिंबू ठेवलं. वैतागून मास्तर बसनेच आठवडाभर लेकीकडे गेले. उन्हाने माती तडकली असणार, असं पुटपुटत परतले. पण चार्जरचा दिवा हिरवागार! मनकर्णाबाई खड्ड्यात बादली ओतत होती. “रोज थंड करते, भानामती तापली तं माह्यावर उलटन!” मास्तरांनी सहाव्यांदा समजावायला तोंड उघडलं, हिरव्या दिव्याकडे पाहिलं आणि दुसरी बादली भरली.