तारीख सांगायला येणारी बाई

माझी नात कोर्टात कामाला लागली. गुन्ह्याची झळ ज्यांना बसली त्यांना खटल्याची पुढची तारीख फोनवर कळवायची, हेच तिचं काम. चांगलं झालं म्हणते मी, पण फोनला चहा विचारता येत नाही.

आमच्या वेळी माझ्या कानातली ओरबाडणाऱ्या चोराला पोलीस गाडीतून तारखेला आणायचे, आणि फाटक्या कानाच्या मला कुणी काही कळवायचं नाही. पहिली तारीख अशीच हुकली. साक्षीला मीच नाही, म्हणजे तो सुटणारच होता. मग एक बाई यायला लागली. तीन जिने चढून दारातूनच सांगायची, "ताई, बुधवारी अकराला. चुकवू नका."

"आत या की, मी काय खाते तुम्हाला?" म्हटलं तरी पाऊल आत टाकायची नाही. चहा मात्र उभ्या-उभ्या प्यायची. मला वाटलं, कोर्टातली झाडूवाली असेल. तीन वर्षं आली. जिन्यात तिची धाप ऐकली की मी आधण ठेवायचे.

निकाल लागला, चोराला शिक्षा झाली, आणि पिंजऱ्यातून त्यानं कोर्टाच्या दाराशी उभ्या त्या बाईलाच "आई" म्हणून हाक मारली. बाहेर पायरीवर तिला गाठलं.

"अहो, मला कळवलं नसतं तर सुटला असता की तो!"

"सुटला असता," ती म्हणाली. "मग पुढच्या बाईच्या दारात मी कुठल्या तोंडानं गेले असते?"