पाड

प्रेमराज व्यापाऱ्याने झाडावरचं ॲव्होकॅडो दाबून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आबा, हा माल कधीचा तयार आहे. काढला का नाही?"

"पाड कोठे लागना आजून?" मगन आबा म्हणाला.

आंब्याचं पहिलं फळ फांदीवरच पिकून पडतं, पाड लागतो, मगच काढणी सुरू करायची. चोपड्याकडच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. केळीचे घड आबाने जन्मभर हिरवेच कापले होते. पण हे नवं झाड दिसायला आंब्यासारखं, म्हणून त्याने नेमही आंब्याचाच लावला. रोज सकाळी तो झाडांखाली पडलेलं फळ शोधत फिरायचा.

"याला पाड लागतच नाही, आबा. झाडावर हे पिकत नाही, नुसतं लटकून राहतं. आफ्रिकेतलं सुद्धा कच्चंच तोडतात, जहाजात घालतात, मग पिकतं. तोडून घरात ठेवायचं. आठ-दहा दिवसांत मऊ."

"आठ-धा दिन," आबा म्हणाला आणि बांधावर खाली बसला.

घरात त्याची बायको कमलबाई अंथरुणाला खिळली होती. रोपं लहान असताना वैशाखाच्या उन्हात तिनेच आपली जुनी लुगडी बांधून त्यांच्यावर सावली धरली होती. त्या झाडांचं पहिलं फळ खायचं, एवढंच आता तिने मागितलं होतं. आणि डॉक्टर काल म्हणाले होते, चार दिवसही कठीण आहेत, लेकीबाळींना बोलावून घ्या.

प्रेमराज बाजारभावाचं बोलत राहिला. जहाजातला माल उतरला की भाव पडतील म्हणाला. आबाने एक फळ तोडलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि घरी आला.

चाहूल लागताच बायकोने डोळे उघडले. रोजचाच प्रश्न, फळ पडलं का. "पाड लागना का?"

आबा तिच्याशी कधी खोटं बोललाच नव्हता असं नाही, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"लागना," तो म्हणाला. "आजच पडनं खाले."

त्याने फळ तिच्या हातात दिलं. दगडासारखं टणक. तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. जन्मभर आंबे दाबून पाहिलेले अंगठे ते. पुन्हा दाबलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मऊ शे," कमलबाई म्हणाली. "सकाय कापूत."