"पाण्याले काही नाही झालं"

थेंब पडले आणि नळीतलं पाणी पिवळं झालं. पंजाबरावांनी नळी हलवली, उजेडात धरली. पिवळं ते पिवळंच. पोहण्याच्या तलावाचं पाणी ठीक असतं तर ते नारिंगी-लाल व्हायला हवं होतं. पिवळं म्हणजे पाण्यात ॲसिड जास्त. मुलांचे डोळे झोंबणारच.

ॲसिड टाकणारा हात त्यांचाच होता. बोअरचं पाणी जड, त्याला रोज एक मग ॲसिड लागायचं. महिन्यापूर्वी बोअर आटली, टँकरचं हलकं पाणी भरायला लागले, त्याला ॲसिडची गरज नव्हती, पण पंजाबरावांचा मग काही थांबला नाही. पाणी तपासायच्या थेंबांची बाटली कपाटात पडून होती. रजिस्टरात मात्र रोज सकाळी न चुकता पीएच ७.४, वळणदार अक्षरात. आज तलावाच्या पाण्यानं सहज तोंड धुतलं, डोळ्यांची आग झाली, तेव्हा कुठं बाटली बाहेर निघाली.

एवढंच असतं तर सोडा ओतून निभावलं असतं. पण सोमवारी पालक मुलांच्या डोळ्यांची तक्रार घेऊन आले, तेव्हा पंजाबराव सगळ्यांदेखत ठणकावून बोलले होते, "पाण्याले काही नाही झालं. काही पोट्टे आंघोळ न करताच उतरतात, त्याले मी काय करू?"

आणि बोलताना त्यांची नजर गेली होती ती पाटीपुऱ्याच्या वस्तीतून सायकलनं येणाऱ्या पायलकडे. मग बाकावरच्या सगळ्यांचीच गेली. रांगेत तिच्या शेजारी उभी असलेली मुलगी जराशी सरकली. पंजाबरावांनी ते पाहिलं होतं.

"काका."

शॉवरखालून पायल आली होती, निथळत. कोपरं घासून घासून लाल झालेली.

"दोनदा साबण लावला. आता उतरू काय?"

पंजाबरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळी त्यांनी मुठीत लपवली.

"आज कोणीच नका उतरू. पाणी खराब झालं."

तिचा चेहरा पडला.

"माह्यामुळे काय?"

"नाही बेटा. माह्यामुळे," पंजाबराव म्हणाले. पण सोमवारी शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज आज हातभर अंतरावरही ऐकू गेला नाही.

पायल केव्हाच वळली होती. शॉवर पुन्हा सुरू झाला.