रिकाम्या गाडीची उंची

डोक्यावर कडाडून आवाज झाला, ट्रक जागच्या जागी थांबला आणि जावईबापूंचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. रेल्वेपुलाची लोखंडी तुळई गाडीच्या मागच्या पत्र्याच्या पेटीवर घट्ट बसली होती. गाडी पुढेही जाईना, मागेही येईना.

"सकाळी याच्याचखालून गेलो होतो!" तो ओरडला.

"मग दुपारी पूल खाली आला असेल," शेजारी बसलेली बायको म्हणाली.

टोमणा मारला खरा, पण पणाला तिचंही बरंच काही लागलं होतं. ट्रक तिच्या वडिलांचा. आजची फेरी म्हणजे जावयाची परीक्षा होती. गाडी धड घरी आली तर किल्ली कायमची या दोघांची, धंदा त्यांचा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला हेरून ठेवलेल्या दोन खोल्याही त्यांच्या. काही वाकडं झालं तर किल्ली परत. मग पुन्हा सासऱ्यांचंच घर, आणि आमटीत मीठ किती नि गाडीत डिझेल किती यावर रोजची वादावादी.

सासऱ्यांना कळवायची गरजच पडली नाही. ते सकाळपासून स्कूटरवरून ट्रकच्या मागे मागे होते. आपण कुणाला दिसत नाही, अशी त्यांची समजूत होती. ते स्कूटरवर बसले की स्कूटर दिसत नसे, ही गोष्ट वेगळी.

"डोळे काय खिशात ठेवलेत, जावईबापू?" त्यांनी हेल्मेट काढायच्या आधीच तोंड सोडलं. "उंची समोर लिहिलीय! मी स्वतः टेप लावून मोजलीय!"

लिहिली होती खरी. काचेच्या वर, लाल रंगात, नऊ फूट अकरा इंच. पुलावरची पाटी दहा फूट म्हणत होती.

"म्हणजे मामा, एक इंच उरायला हवा होता ना?"

"हवाच होता! तो तुम्ही घालवलात!"

तोवर बघे जमले. समोरच्या दुकानातून न्हावी वस्तरा हातात घेऊन आला आणि त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. एकाने पूल उचलायचा सल्ला दिला. दुसऱ्याने चाकांतली हवा सोडा म्हटलं, ते शहाणपणाचं होतं, पण टायर नवेकोरे होते. सासरे हात पसरून टायरसमोर उभे राहिले. आधी माझ्या छातीतली हवा सोडा, म्हणाले.

मग छपराला आतून किती पोचा आलाय ते बघायला ते मागचं दार उघडून पेटीत चढले. फुकटात काही बघायला मिळतंय म्हटल्यावर बाहेर कोण थांबतो? न्हावी चढला, गिऱ्हाईक चढलं, बघता बघता पेटी माणसांनी गच्च भरली. सगळे माना वर करून पोच्यावर आपापली मतं देऊ लागले. कुणी म्हणालं, ठोकून निघेल. कुणी म्हणालं, छप्परच बदला.

बायको खिडकीतून मान बाहेर काढून तुळईकडे बघत बसली होती. अचानक तुळई आणि छप्पर यांच्यामध्ये तिला उजेडाची एक रेघ दिसली. तिने मागे माणसांनी भरलेल्या पेटीकडे पाहिलं. मग उडी मारून मागे धावली.

"कुणी खाली उतरू नका! बाबा, तुम्ही उंची मोजलीत तेव्हा गाडीत काय होतं?"

"फरशा होत्या. गच्च भरलेली होती गाडी. रिकामी गाडी दारात उभी करायची माझी पद्धत नाही."

"मग भरलेली गाडी खाली बसणारच ना, बाबा! फरशा उतरवल्या की वर उठणार. सकाळी आपण फरशा भरून गेलो, आत्ता रिकामे आलो."

पेटीतली मतं एकदम बंद झाली. सगळ्यांच्या माना छपरावरून सासऱ्यांकडे वळल्या. सासरे बुटांकडे बघायला लागले.

जावयाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. माणसांनी भरलेला ट्रक हळूहळू, जरासुद्धा न घासता, पुलाखालून पलीकडे निघाला. आतून शिट्ट्या झाल्या. मंडळी एकेक करत उतरली आणि न्हाव्याने गिऱ्हाईकाला दंडाला धरून परत नेलं. सासरे तेवढे पेटीतच मांडी घालून बसले होते.

"आकडा माझा चुकला," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मुलीने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "किल्ली तुम्हीच ठेवा. पोच्याचं मी बघतो."

बायकोने तिथेच, भर रस्त्यात, नवऱ्याचा हात धरला. मनातल्या मनात तिने दोन्ही खोल्यांना पडदेसुद्धा लावून टाकले.

"बाबा, उतरा ना आता."

"कशाला उतरू? परत येताना गाडी रोज रिकामीच असणार. तिला वजन लागेल." सासऱ्यांनी घसा साफ केला. "मी येत जाईन. कट्ट्यावरची आमची मंडळीही आणीन, त्यांना तरी दुसरा काय उद्योग आहे?"

"अहो मामा, त्याला तुम्ही कशाला? वाळूची पोती टाकू की मागे."

सासऱ्यांचा चेहरा पडला. ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले, आणि उठताना एकदम म्हातारे दिसले. गाडी दिली, पोरगीही दुसऱ्या टोकाला राहायला जाणार, उद्यापासून आपण ओरडायचं तरी कुणावर, ही धास्ती जावयाला त्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसली. हा माणूस दिवसभर मागे मागे का फिरत होता, तेही कळलं. त्याला स्वतःचाच राग आला.

त्याने पुढे होऊन सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना पुन्हा खाली बसवलं.

"पोती काय कामाची, मामा? पूल आला की ती ओरडणार थोडीच आहेत!"